मनगट टेकवायचं नाही

मला मनगट आहे हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे घड्याळ बांधायला एक जागा असते एवढं ठाऊक होतं, पण त्या जागेचंही काही म्हणणं असतं आणि एखाद्या दिवशी ती संपावर जाऊ शकते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी नकाशांच्या कचेरीत काम करतो. जुन्या कागदी नकाशांवर लोकांच्या जमिनींच्या ज्या हद्दी आहेत त्या संगणकाच्या पडद्यावर माउसने पुन्हा गिरवायच्या, हे माझं काम. हद्द जिथे वळते तिथे क्लिक करायचं. लोकांच्या हद्दी फार वळतात. सरळ रेषेत वाटणी करून घेणारे दोन सख्खे भाऊ मी आजवर पाहिलेले नाहीत आणि त्यांच्या प्रत्येक वळणाची किंमत माझ्या उजव्या हाताने मोजली आहे.

आधी अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या यायला लागल्या. मग बरणीचं झाकण उघडेना. मग किल्ली फिरवताना कळ यायची. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवून या." हा सल्ला अगदी पहिल्या दिवशी मिळाला आणि तो बरोबर होता. आमच्या घरात बरोबर सल्ला नेहमी सगळ्यात शेवटी अमलात येतो. मी ते दुखणं अंगावरच काढलं असतं, पण बुधवारी आणि रविवारी मी बाबांची दाढी करतो.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांनी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत, त्यामुळे त्यांना सगळे 'सर' म्हणतात. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत. क्लासचा नियम एकच होता. मनगट टेकवायचं नाही. बोटं खाली, मनगट वर. बाबा हातात लाकडी पट्टी घेऊन रांगेतून फिरायचे आणि टाइप करणाऱ्याच्या मनगटाखालून ती अलगद सरकवायचे. मारायचे नाहीत. पट्टी पलीकडे निघाली तर पुढे जायचे, अडकली तर थांबायचे आणि चष्म्यावरून बघायचे. पट्टी परवडली असती, असं त्यांचे विद्यार्थी अजूनही सांगतात. मी तर त्यांच्या घरात राहत होतो, म्हणजे मला ते बघणं जेवतानासुद्धा होतं.

काही वर्षांपूर्वी त्या हाताला थरथर सुरू झाली. आधी बशीत चहा सांडायला लागला, मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वय सांगितलं. क्लास तर त्याआधीच बंद झाला होता, कारण टाइपरायटर कुणाला नको होता. पण दाढी न करता बाबा एक दिवसही कुणासमोर गेले नव्हते आणि आता रेझर त्यांच्या हातात राहीना. न्हावी त्यांना नको होता. तो मुंडकं धरतो, म्हणाले. विजेवरचं यंत्र मी आणून दिलं, ते त्यांनी कानाशी नेलं, ऐकलं आणि परत खोक्यात ठेवलं. सुनेला सांगायला त्यांना संकोच वाटत होता. राहिलो मी. बुधवारी आणि रविवारी सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची, साबणाचा फेस करायचा आणि त्यांनी डोळे मिटून घ्यायचे. आम्ही दोघं फारसं बोलणाऱ्यातले नाही. आमचं जे काही बोलणं होतं ते बहुधा त्या खुर्चीत, फेस गळ्यापर्यंत असताना व्हायचं.

तर अशाच एका रविवारी हनुवटीपाशी आलो आणि मनगटातून सरळ कोपरापर्यंत कळ गेली. रेझर घसरला. पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरली. बाबा म्हणाले, "काही नाही रे, जरासं." तुरटी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच लावायला गेले. ती भलतीकडे, ओठाला लागली. फार वाईट वाटलं.

बुधवारी मी फेस करून गेलो तर बाबा वर्तमानपत्र वाचत होते. "राहू दे," म्हणाले. "वाढू दे जरा. बदल म्हणून." ज्या माणसाने आयुष्यात चष्म्याची फ्रेम बदलली नाही, त्याला आता बदल हवा होता! मला दुखू नये म्हणून ते हे करताहेत हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. पांढरे खुंट वाढायला लागले. बाबांनी बागेतल्या बाकावर जायचं सोडलं. दारावरची बेल वाजली की ते खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायचे, पाठ दाराला. जुना विद्यार्थी आलाच, तर पाठीशी बोलून जायचा.

मला फक्त हात बरा करायचा होता. यात कचेरी, वरचा मजला आणि क्लासचं टेबल कसं आलं ते आता सांगतो.

सुरुवात शेजारच्या पोस्टमास्तरांनी केली. ते निवृत्त आहेत आणि हयातभर शिक्के मारल्यामुळे मनगट या विषयावर आपल्याइतका अधिकार कुणाचा नाही असं त्यांचं मत आहे. माझा हात त्यांनी जिन्यात धरला, वळवला, मी ओरडलो, तसे ते समाधानाने म्हणाले, "आधार नाही. हाताला आधार नाही. खाली काहीतरी मऊ घ्या. आम्ही टपालाची रिकामी पिशवी घ्यायचो." दुसऱ्या दिवशी मी कचेरीत मोज्याची गुंडाळी माउसमागे ठेवली आणि मनगट तिच्यावर टेकवलं. मोजा धुतलेला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण कचेरीत मी हे ज्याला त्याला सांगत होतो आणि कुणीही विश्वास ठेवत नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला आम्ही 'परिपत्रक' म्हणतो, कारण कुठल्या गोष्टीबद्दल कुठलं परिपत्रक निघालंय हे त्याला पाठ असतं. तो मोज्याकडे बघून म्हणाला, "अहो, याची शास्त्रीय उशी मिळते. माउसपुढे ठेवायची. छोटी, बोटभर उंचीची. आणि ती कचेरीने द्यायला हवी. अर्ज करा."

मी अर्ज केला. 'संगणकाच्या माउसवर काम करताना मनगटास आधार देणारी उशी मिळणेबाबत.' वाक्य मला स्वतःला आवडलं होतं. अर्ज घेऊन संगणक विभागात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "याला वायर आहे?"

"नाही."

"मग आमचं नाही."

फर्निचर विभागात साहेबांनी विचारलं, "याला पाय आहेत?" पायही नव्हते. वायर नाही आणि पाय नाहीत अशी वस्तू मागणारा मी कचेरीतला पहिलाच माणूस होतो, असं माझ्या लक्षात यायला लागलं. शेवटी अर्ज भांडारप्रमुखांकडे गेला. ते खूप गंभीर माणूस आहेत. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "उशी आली की झोप येते हो. आज तुम्हाला दिली, उद्या सगळा मजला मागेल." मी म्हटलं, डोक्यासाठी नको, मनगटासाठी हवी. ते म्हणाले, "तसं लेखी द्या." मी लेखी दिलं, की सदर उशीवर मी डोके ठेवणार नाही. अशा मजकुराखाली सही करताना माणसाच्या मनात काय काय येतं ते मी इथे लिहीत नाही.

उशी आली. भांडारातल्या शिपायाने ती दोन्ही हातांवर आडवी धरून आणली. पलंगावरची, पुऱ्या मापाची, पांढऱ्या अभ्र्याची उशी. अभ्र्याच्या कोपऱ्यात कचेरीचा गोल शिक्का आणि त्याखाली शाईने माझा हुद्दा. परत घेणार नाहीत, म्हणाले, कारण वापरलेली उशी परत घेण्याची तरतूद नाही. आणि मी ती वापरलेली नाही हे सिद्ध करण्याचीही नाही. टेबलावर ठेवली तर कळफलक तिच्याखाली जाई. मांडीवर घेतली तर वेगळंच दिसे. येणारा-जाणारा दबक्या आवाजात बोलायचा आणि मला उठवायचं नाही म्हणून चवड्यांवर चालायचा. परिपत्रक तर रोज सकाळी विचारायचा, "झोप लागली ना नीट?" तेव्हा मी ती घरी आणली. बायकोने शिक्का वाचला आणि काही न बोलता आत गेली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

मग मी स्वतःच्या पैशाने ती शास्त्रीय उशी मागवली. आत जेल होतं. दिसायला चांगली, काळीभोर, हाताला गार. दोन दिवस मला वाटलं, झालं, जिंकलो. तिसऱ्या दिवशी घाम आला. मोठ्या साहेबांनी बोलावलं म्हणून मी लगबगीने उठून त्यांच्या खोलीत गेलो, नमस्कारासाठी हात वर केला आणि तेव्हा आम्हा दोघांनाही दिसलं की उशी मनगटाला चिकटून बरोबर आली आहे. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "काही गंभीर आहे का?" मी नाही म्हटलं आणि ती सोलून खिशात घातली.

ही हकिकत वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कानावर गेली. कशी गेली ते विचारू नका. आमच्या इमारतीत बातमी जिन्याने जात नाही, भिंतीतून झिरपते. काकू म्हणाल्या, "कसलं रे ते रबरासारखं! मी शिवून देते. आत तांदूळ भरते. घाम शोषतो, गरम करून शेकताही येतं." त्यांनी खरंच शिवली. फुलाफुलांचं कापड, कडेला झालर. त्यांचं शिवणकाम बघता झालर मजबूत होती आणि शिवण नव्हती, पण हे मला नंतर कळलं.

दरम्यान माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट शिरली होती. सगळा हातच पेलून धरणारा एक आधार मिळतो: लोखंडी दांडा, त्यावर पन्हाळीसारखी गादी, आणि टेबलाच्या कडेला पक्का बसवायला स्क्रू. कोपरापासून पुढचा हात त्यात ठेवायचा. तो मी घरी मागवला. कचेरीत न्यायच्या आधी सवय करावी म्हणून घरातल्या संगणकाच्या टेबलाला बसवायचं ठरवलं. ते टेबल म्हणजे बाबांच्या क्लासमधलं एकुलतं एक टेबल. बाकीची सगळी क्लासबरोबर गेली. हे त्यांनी ठेवून घेतलं होतं, शिसवी, जुनं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

मी स्क्रू आवळला. हाताला जोर नव्हता म्हणून पकडीने आवळला. कड्‌ असा आवाज झाला आणि टेबलाच्या कडेचा हातभर लांबीचा ढलपा माझ्या मांडीवर पडला.

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. खुर्ची वळली. पांढरी दाढी, त्यावरून चष्मा.

"काय लावत होतास तिथे?"

"आधार," मी म्हटलं. "मनगटाला."

"त्या टेबलावर?"

लहानपणी पट्टी अडकल्यावर व्हायचं तेच झालं. बाबा उठले, आले, ढलपा उचलला. तो त्यांच्या हातात थरथरत होता. त्यांनी तो तुटलेल्या जागेवर नीट बसवून पाहिला. "डिंकाने बसेल," म्हणाले आणि परत जाऊन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत काकूंची तांदळाची पिशवी नेली. दुपारपर्यंत उत्तम चाललं. एका वादातल्या जमिनीची हद्द गिरवत होतो. दोन्हीकडचे मालक एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि मधोमध विहीर. मी विहिरीला वळसा घालत होतो तेव्हा शिवण उसवली. तांदूळ माउसखाली गेले. दाण्यांवरून माउस सुटला तो थेट विहिरीतून आरपार, पलीकडच्या घराच्या ओसरीतून आणि पुढे रस्त्यावर. घाबरून मी बटण दाबलं ते नेमकं साठवून ठेवण्याचं.

मोठ्या साहेबांनी नकाशा बघितला. "ही विहीर आपण त्या शेजाऱ्याला कधी दिली?" साहेबांनी कळफलकातून तांदळाचा एक दाणा नखाने काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नकाशा दुरुस्त करून घेतो मी. तुम्ही रजा घ्या आणि हात दाखवून या." बायकोने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच. फक्त या खेपेला ते कचेरीच्या हुकमाने आलं.

फिजिओथेरपिस्ट बाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी माझ्यासमोर माउस ठेवला, म्हणाल्या, "काम करून दाखवा." मी सवयीने मनगट टेबलावर टेकवलं आणि माउस हलवला.

"तेच! तेच दुखतंय तुमचं. मनगट रोवून ठेवता आणि पंजा इकडेतिकडे ओढता. हात कोपरापासून हलवा. थांबलात की टेकवा हवं तर, पण काम चालू असताना मनगट टेकवायचं नाही. साधी गोष्ट आहे. तुम्हाला कुणी कधी सांगितलं नाही का?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं." आणि मनगट दुसऱ्या हाताने धरलं. बाईंना वाटलं हात फार दुखतोय.

घरी आलो. बाबांनी खिडकीकडे बघतच विचारलं, "काय म्हणाल्या?"

आयुष्यात काही वाक्यं बोलायला माणसाला फार जड जातात. "मनगट टेकवायचं नाही म्हणाल्या."

बाबा "हं," एवढंच म्हणाले. मग उठले, कपाटाच्या वरच्या फळीवर चाचपलं आणि पट्टी काढली. "बस," म्हणाले. "टेबलापाशी."

मी बसलो. ढलपा डिंकाने बसवलेला होता. बाबांनी केव्हा बसवला मला माहीत नाही. मी माउस धरला, मनगट उचललं. पट्टी खालून यायला लागली. माझं मनगट वरच होतं, मी शपथेवर सांगतो. पण पट्टी थरथरत होती आणि थरथरत वर येऊन हाताला लागत होती. लागली की बाबा थांबायचे आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "चुकलो." आणि मनगट आणखी वर घ्यायचो. असे आम्ही रोज संध्याकाळी बसायला लागलो. बायको चहा ठेवून जायची आणि दारातून बघत उभी राहायची. हळूहळू मुंग्या गेल्या. एक दिवस बरणीचं झाकण उघडलं. त्यात काहीच नव्हतं, पण मी ती बराच वेळ हातात धरून होतो.

मग एका रविवारी मी न विचारता फेस केला, गॅलरीत खुर्ची टाकली आणि मागे मान टेकवायला कचेरीची उशी लावली. तिचा कुठेतरी उपयोग व्हायलाच हवा होता. बाबा आले. शिक्का वाचला. बसले.

"हात बरा आहे?"

"बरा आहे."

त्यांनी डोळे मिटले. दाढी वाढलेली होती, आधी कात्रीने कापून घेतली, मग साबण लावला. गाल झाले. मनगट वर, हात कोपरापासून, शिकवलं होतं अगदी तसं. हनुवटीपाशी आलो आणि ती जागा दिसली. बारीक पांढरा व्रण. दुखत काहीच नव्हतं, पण माझा हात थरथरायला लागला. रेझर हवेतच थांबला. पुढे जाईना. मला वाटलं आता सांगावं की राहू दे, वाढू दे, बदल म्हणून.

बाबांनी डोळे न उघडता, फेस हलू नये म्हणून ओठ न हलवता म्हटलं, "टेकव."

"काय?"

"मनगट टेकव. माझ्या गालावर टेकव."

"बाबा, पण मनगट तर..."

"टेकव म्हणतो ना."

मी टेकवलं. गाल ऊन होता आणि नुकताच साफ केल्यामुळे गुळगुळीत. हात थांबला. हनुवटी झाली, गळा झाला. एकही रेघ उमटली नाही.

तोंड पुसून बाबांनी आरशात पाहिलं, दोन्ही गालांवरून हात फिरवला, इस्त्रीचा शर्ट घातला. बागेत जायला निघाले. दारात चपला घालताना थांबले आणि वळून चष्म्यावरून बघितलं.

"आज टेकवलंस ते क्लासमध्ये कुणाला सांगत बसू नकोस."

क्लास बंद होऊन किती वर्षं झाली होती.

मी रेझर धुता धुता म्हटलं, "नाही सांगणार, सर."